निचनाईचं धुकं आणि त्यानंतरचे नियम: काश्मीरच्या सरोवरांच्या वाटेवर गट कसा न्यायचा

२०१७ च्या जुलैमध्ये आम्ही साताऱ्यातले अकरा जण सोनमर्गहून निघालो होतो. दुसऱ्या दिवशी निचनाईची खिंड ओलांडायची होती. पुढचे तिघं तरणेबांड, ते तीन वाजता विशनसर सरोवराकाठच्या तंबूत पोचले. शेवटची दोन माणसं आली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते, आणि त्यांच्यात माझी वहिनी नव्हती. खिंडीपलीकडच्या उतारावर धुकं उतरलं होतं. मधल्यांना वाटलं ती पुढं गेली, मागच्यांना वाटलं ती मधल्यांबरोबर आहे. मी आणि आमचा वाटाड्या उलट्या पावली गेलो, तर ती एका बकरवाल, म्हणजे फिरत्या मेंढपाळ, कुटुंबाच्या दगडी घरात चुलीपाशी बसलेली, हातात मिठाच्या चहाचा पेला. तिला वाटेत एकटी बघून त्यांच्यातल्या म्हातारीनं हाताला धरून आत नेलं होतं. मी विचारलं, "वहिनी, घाबरलात का?" ती म्हणाली, "भीती नाही वाटली, वन्सं. पण कुणी मागं वळून बघितलं नाही."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. त्यानंतर २०२२ ला आणि २०२३ ला मी पुन्हा माणसं घेऊन त्याच वाटेनं गेले. खाली जे लिहिते आहे ते सगळं त्या एका संध्याकाळपासून शिकत आलेलं आहे. तुम्हीही गट जमवत असाल, मित्रांचा, सोसायटीतला, भिशीतला, तर तुमच्या कामी यावं म्हणून लिहिते.

आधी वाट समजून घ्या

सोनमर्गजवळ शितकडीला पाऊलवाट सुरू होते आणि नारानागला संपते. अंतर सत्तर-बहात्तर किलोमीटर, चालण्याचे दिवस सहा, आणि मी मध्ये एक दिवस मुक्काम धरते, म्हणजे सात. पहिल्या दिवशी टेबल टॉपचं कुरण, मग भोजपत्राची झाडं, मग निचनाईच्या ओढ्याकाठी तंबू. दुसऱ्या दिवशी निचनाईची खिंड, सुमारे ४,१०० मीटर, आणि पलीकडं विशनसर. त्याच्या वरच्या अंगाला किशनसर. मग गडसरची खिंड, ती या वाटेवरची सगळ्यांत उंच, ४,२०० मीटरच्या जवळपास. तिच्या पलीकडं गडसर सरोवर, मग सातसरची तळी, मग झाजची खिंड, आणि शेवटी हरमुख पर्वताच्या पायथ्याशी गंगाबल आणि नंदकोल ही सरोवरं. तिथून नारानागपर्यंत एकाच दिवसात बाराशे मीटरच्या वर उतार.

आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. सोनमर्गलाच आपण तिच्या हजार मीटर वर उभे असतो आणि चालायला अजून सुरुवातही झालेली नसते. गटातल्या प्रत्येकाला हा आकडा पहिल्याच बैठकीत सांगा. "मी राजगड-तोरणा एका दिवसात केलाय" असं म्हणणाऱ्याला तर दोनदा सांगा. सह्याद्रीत कमावलेले पाय इथं उपयोगी पडतात, पण उंचीवर विरळ हवेची सवय व्हायला शरीर जो वेळ घेतं तो पायांच्या ताकदीनं कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट नकाशावर बोट ठेवून दाखवा. निचनाईच्या तंबूतून कुणाला परत पाठवायचं झालं तर एका दिवसात तो सोनमर्गला पोचतो. विशनसरहून परतायचं तर निचनाईची खिंड पुन्हा चढावी लागते. आणि एकदा गडसरची खिंड ओलांडली की दोन्ही बाजूंनी खिंडी आहेत, मागं गडसर, पुढं झाज. तिथं आजारी पडलेल्या माणसाला खाली न्यायला सोपा रस्ता नाही. म्हणून कोण पुढं जाणार आणि कोण नाही, हा निर्णय विशनसरलाच घ्यायचा. मधला मुक्काम मी तिथंच ठेवते तो याचसाठी. कुठलीही सहल कंपनी तो दिवस वाचवून स्वस्तात देते म्हणाली तरी तो सोडू नका.

कधी जायचं

फुलं हवी असतील तर जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य. आपल्याकडं धो धो कोसळत असतं तेव्हा तिकडं पीर पंजालच्या रांगेआड पाऊस बेताचा असतो, बहुधा दुपारनंतरच्या सरी. जुलैच्या सुरुवातीला निचनाईच्या खिंडीत बर्फ असतो, गडसरच्या पाण्यावर बर्फाचे तुकडे तरंगताना दिसतात. ते दृश्य सुरेख, पण नवख्या गटाला बर्फावरनं उतरवणं जिकिरीचं. सप्टेंबरात हवा स्वच्छ, गवत सोनेरी, पण फुलं सरलेली. सातसरची लहान तळी तर ऑगस्ट संपता संपता आटायला लागतात.

त्याच दिवसांत अमरनाथची यात्रा चालू असते, आणि तिचा बालताल तळ सोनमर्गच्या पुढंच आहे. श्रीनगर-सोनमर्ग रस्त्यावर वाहनं ठरावीक वेळीच सोडतात. म्हणून श्रीनगरहून निघायचा दिवस आणि पायी निघायचा दिवस वेगळा ठेवा. मार्ग त्या वर्षी खुला आहे की नाही हे तिकीट काढायच्या आधी तिथल्या पर्यटन कार्यालयाला विचारा, आणि निघायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा विचारा.

पहिल्या वेळी आम्ही झेलम एक्स्प्रेसनं जम्मूपर्यंत गेलो होतो. गाडीच्या नावाचा अर्थ मला परतताना कळला. विशनसरचं पाणी किशनगंगा होऊन मुजफ्फराबादला झेलमला मिळतं, गंगाबलचं पाणी सिंध नाल्यातनं शादीपूरला झेलमला मिळतं. आपण सात दिवस ज्या ज्या पाण्याकाठी झोपतो ते सगळं शेवटी झेलममध्येच जातं. आता जम्मूच्या पुढं कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वेही झाली आहे, जून २०२५ पासून.

माणसं किती आणि कोणती

बारा ते चौदा. त्याच्या वर गेलात तर शेवटच्या माणसाचा चेहरा तुम्हाला दिसत नाही. मी वयाची अट घालत नाही. २०२२ मध्ये आमच्यात एसटीतनं निवृत्त झालेले एक काका होते, वय त्रेसष्ट, आणि चालीत त्यांच्याइतकं शिस्तीचं कुणी नव्हतं. अट एकच: निघण्याआधी तीन महिने आठवड्यातून तीनदा आमच्याबरोबर अजिंक्यताऱ्यावर यायचं, आणि महिन्यातनं एकदा जरंडेश्वर, पाठीवर सहा किलोची सॅक घेऊन. जो सरावाला येत नाही त्याला मी नम्रपणे नाही म्हणते. यात मन मोडतं, नाती ताणली जातात, पण चार हजार मीटरवर नाही म्हणण्यापेक्षा हे बरं.

सराव चढायचा सगळेच करतात. उतरायचा कुणी करत नाही. यवतेश्वराच्या घाटात चढताना गप्पा आणि उतरताना गाडीत बसून परत, असं करू नका. नारानागचा उतार गुडघे आणि अंगठ्याची नखं दोन्हींची परीक्षा घेतो. उतरताना लहान पावलं टाकणं, गुडघा किंचित वाकवून ठेवणं, काठी आधी खाली टेकणं, हे अंगवळणी पडायला दोन महिने लागतात. निघायच्या आदल्या दिवशी नखं कापा, आणि बूट किमान शंभर किलोमीटर चाललेले असू द्या.

डॉक्टरांकडं सगळ्यांनी जायचं. रक्तदाब, मधुमेह, दमा, गरोदरपण, काही लपवायचं नाही. उंचीच्या त्रासावर अनेकजण डायमॉक्स घेतात. ती आपल्या मनानं घ्यायची गोळी नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधीच सांगावं लागतं. डॉक्टरांनी लिहून दिली तर घ्यायची, नाही दिली तर शेजाऱ्याची उसनी घ्यायची नाही.

चालायची पद्धत

हा माझ्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यांत पुढं वाटाड्या. त्याच्या लगेच मागं गटातली सगळ्यांत हळू चालणारी व्यक्ती. दुसऱ्या क्रमांकावर, शेवटी नाही. बहुतेक गट बरोबर उलटं करतात: वेगवान पुढं, हळू मागं. मग होतं असं की पुढचे थांबून विश्रांती घेतात, मागचे धापा टाकत पोचतात, आणि ते पोचले की पुढचे "चला" म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज आहे त्याला ती मिळतच नाही. हळू माणूस दुसरा असला की वाटाड्याची चाल आपोआप त्याच्या श्वासाला जुळते. वेगवान मंडळींना पहिल्या दिवशी हे जड जातं. त्यांना मी काम देते: एकाकडं औषधांची पिशवी, एकाकडं दोर, एकाकडं फुलांची वही.

शेवटी एक अनुभवी माणूस. त्याच्या मागं कुणीही राहायचं नाही, शी-शूला थांबलेला माणूससुद्धा. ज्याला थांबायचं असेल त्यानं सॅक वाटेच्या कडेला ठेवायची. वाटेवर सॅक दिसली की शेवटचा माणूस तिथंच थांबतो. वहिनीच्या वेळी एवढा एक नियम असता तर पुरे होतं.

प्रत्येकाला एक जोडीदार. तंबूतलाच असेल असं नाही, शक्यतो नवरा-बायकोची जोडी करू नका, ते एकमेकांचा त्रास इतरांपासून झाकतात. जोडीदारानं सकाळी तीन गोष्टी विचारायच्या: डोकं दुखतंय का, झोप लागली का, काल रात्री जेवलास का. तिन्हींची उत्तरं मला न्याहारीच्या वेळी सांगायची.

चाल किती हळू? चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की चाल जास्त आहे. खिंडीच्या शेवटच्या चढावर मी पावलं मोजायला लावते, वीस पावलं, एक मोठा श्वास, पुन्हा वीस. अभंग म्हणत चढलेला गटही मी नेला आहे. ज्ञानोबा-तुकारामच्या ठेक्यावर पाऊल टाकलं की कुणाची चाल वाढत नाही आणि कुणाची तुटत नाही. वारीत लाखो माणसं याच ठेक्यावर चालतात, ते उगाच नाही.

डोकं दुखलं तर

उंचीवर डोकं दुखलं की ते उंचीमुळंच आहे असं धरून चालायचं. "ऊन लागलं असेल", "रात्री झोप झाली नाही" ही कारणं मागाहून शोधा. डोकेदुखीबरोबर भूक मेली असेल, मळमळत असेल, तर त्या दिवशी आणखी वर चढायचं नाही. पाणी, विश्रांती, हलकं खाणं. बरं वाटलं तर दुसऱ्या दिवशी पुढं. वाढत गेलं तर खाली, मग रात्र असो की पाऊस.

दोन गोष्टी दिसल्या तर वाटच बघायची नाही. बसल्या जागी धाप लागणं आणि खोकला, हे फुप्फुसात पाणी साठत असल्याचं लक्षण. आणि तोल जाणं. संशय आला की त्या माणसाला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. जमत नसेल तर मेंदूला सूज आहे असं समजा आणि ताबडतोब, कुणाला तरी बरोबर देऊन, खाली न्या. २०२३ मध्ये विशनसरला आमच्यातल्या एका तरुणाची भूक दोन दिवस गेली होती, तिसऱ्या दिवशी सकाळी उलटी झाली. गडसरला जायची त्याची फार इच्छा होती, डोळ्यांत पाणी होतं. त्याला घोड्यावर बसवून, त्याच्या जोडीदारासह, निचनाईमार्गे परत पाठवला. सोनमर्गला पोचेपर्यंत तो जेवायला लागला होता. तो मुलगा आजही रागावलेला नाही, आणि रागावला असता तरी मी तेच केलं असतं.

पिशवीत काय

कपड्यांच्या याद्या सगळीकडं मिळतात, मी फक्त तेवढंच सांगते जे लोक विसरतात. रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, म्हणून झोपायचे कपडे वेगळे आणि कोरडे, ते दिवसा कधी घालायचे नाहीत. पावसासाठी पोंचो असा की जो सॅकसह अंगावर येतो. गॉगल चांगला, कारण पाणी आणि बर्फ दोन्हींवरनं ऊन डोळ्यांत येतं. मोबाईलची आणि विजेरीची बॅटरी थंडीत लवकर मरते, रात्री ती स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरात चालत नाही, आणि सोनमर्ग सोडलं की पोस्टपेडलाही रेंज नाही. घरी आधीच सांगून ठेवा की सहा-सात दिवस फोन येणार नाही, नाहीतर इकडं आईचा जीव टांगणीला.

मूळ आधार कार्ड प्रत्येकानं स्वतःजवळ ठेवायचं. वाटेत लष्कराच्या चौक्या आहेत, तिथं नोंद होते, मोबाईलमधला फोटो चालेलच असं नाही. गटाची नावं-वयं-पत्ते असलेली यादी पाच-सहा प्रतींत न्या. चौकीचे आणि जवानांचे फोटो काढायचे नाहीत, हे तरुण मंडळींना वेगळं सांगावं लागतं.

बायकांसाठी: उंचीवर पाळी ठरल्या तारखेला येत नाही, आधीही येते. सामान सगळ्यांनीच न्यावं. वापरलेले पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, जाड काळ्या पिशवीत घालून परत खाली आणायचे. मी ही पिशवी स्वतः पहिल्या बैठकीत सगळ्यांसमोर दाखवते, पुरुषांसमोरही. एकदा दाखवली की वर कुणाला अवघडायला होत नाही.

खाणं: उंचीवर तेलकट नको होतं. आमच्या स्वयंपाक्याला मी पहिल्याच दिवशी मेतकूट आणि तुपाची बरणी देते. मऊ भात, मेतकूट, वर तूप, एवढं मळमळणाऱ्या माणसाच्याही पोटात जातं. विशनसरच्या उंचीवर पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, म्हणून प्रेशर कुकर आहे ना हे निघायच्या आधी डोळ्यांनी बघा. खिशात राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, आलेपाक. दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या.

ओढे, मेंढ्या, कुत्री

बर्फाचं पाणी दुपारी वाढतं. सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा तीन वाजता गुडघ्याच्या वर असतो. म्हणून ओढे सकाळी ओलांडायचे. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडायचे, पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे. अनवाणी जायचं नाही, सँडल घालायचे. तोंड वरच्या प्रवाहाकडं, काठी पुढं, आडवं पाऊल.

बकरवालांच्या मेंढरांचे कळप कुत्री राखतात. मोठी, केसाळ आणि फार इमानदार कुत्री. डेऱ्याजवळ जायच्या आधी लांबनंच हाक मारा, माणूस बाहेर येईपर्यंत थांबा. चहा दिला तर घ्या. मुलांना चॉकलेटं वाटू नका, त्याऐवजी दुखण्याला मलम, बँडेज मागितलं तर द्या. आणि त्यांच्या कुरणात तंबू ठोकायच्या आधी विचारा, उन्हाळाभर ते त्यांचं घर आहे.

घोडेवाल्यांशी दर, दिवस आणि मुक्कामाच्या दिवसाचे पैसे निघायच्या आधी बोलून, कागदावर लिहून घ्या. घोड्यावर किती किलो ते तुम्ही बघा. पाठीवर जखम असलेला घोडा मी नाकारते.

पाणी वाहत्या झऱ्याचं घ्या, सरोवराच्या काठचं नको, तिथं मेंढ्या पितात. उकळा किंवा गोळी टाका. शौचाला पाण्यापासून किमान शंभर पावलं लांब, वीतभर खड्डा, वर माती. साबण सरोवरात अजिबात नाही, भांडी घासायलाही नाही.

आता फुलं

मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि दर भाद्रपदात मुलांना कास पठारावर नेलं. कासच्या माणसाला ही वाट परकी वाटत नाही. आपल्या तेरड्याचं एक उंच, गुलाबी भावंड सोनमर्गच्या ओलसर कडांना उगवतं, त्याचीही पिकलेली शेंग बोट लावताच फुटते. पहिल्याच दिवशी गटाला ते दाखवा. ओळखीचं काही भेटलं की माणसं बघायला लागतात.

मी प्रत्येकाला एक छोटी वही देते. रोज तीन फुलं. नाव माहीत नसलं तरी चालेल. लिहायचं ते एवढंच: कुठं उगवलं होतं, ओलीत की खडकात, पाकळ्या किती, त्यावर कोण बसलं होतं, किती वाजता. फोटो काढणारी माणसं एका फुलापाशी पाच सेकंद थांबतात, लिहिणारी पाच मिनिटं. आणि तेवढ्यात मागचा माणूस येऊन पोचतो. गट जोडून ठेवायला माझ्याकडं याहून चांगला उपाय नाही.

निळी खसखस म्हणजे या वाटेचं सगळ्यांत देखणं फूल. गडसरच्या खिंडीच्या दोन्ही अंगांना खडकांच्या फटीत बघा. देठावर काटे, पाकळ्या आकाशी, इतक्या पातळ की मागचं ऊन दिसतं. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं, बी धरतं आणि मरतं. आपल्या कारवीसारखंच. म्हणजे तुम्ही ते फूल तोडलंत तर त्या झाडानं इतकी वर्षं ज्याच्यासाठी काढली तेच नेलंत. हे एकदा सांगितलं की कुणाचा हात पुढं होत नाही, "तोडू नका" असं दरडावावं लागत नाही.

लांब चोचीची गुलाबी फुलं दाट गवतात दिसतील, त्यांच्या मुळ्या गवताच्या मुळ्यांतनं रस ओढतात. जेन्शियनची निळी फुलं ढग आले की मिटतात. मी दुपारी त्यांच्यावर लक्ष ठेवते. ती मिटायला लागली की पोंचो वर काढायला सांगते.

निळ्या टोपीच्या आकाराचं फूल दिसलं तर हात लावू नका, तो बचनाग, विषारी. पण त्याच कुळातलं अतिविष आपल्या बाळगुटीत असतं. माझ्या आजीच्या गुटीच्या डबीत अतिविष होतं, आणि तिच्या औषधांच्या फडताळात कोष्ठ आणि कुटकी होती. ही सगळी हिमालयातल्या अशाच उंच कुरणांची झाडं. कोष्ठाच्या मुळांसाठी इतकं खणलं गेलं की आज त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आहेत. आजीनं ज्या मुळ्या सहाणेवर उगाळून आम्हाला चाटवल्या त्या कुठल्या मातीतनं आल्या, हे मला पन्नाशीत, एका कुरणात बसून कळलं. तेव्हापासून मी गटातल्या आयांना आणि आज्यांना विचारते, तुमच्या गुटीत काय काय होतं? त्या संध्याकाळी तंबूत जी यादी निघते ती कुठल्या पुस्तकात मिळायची नाही.

गंगाबलला

झाजच्या खिंडीतनं गंगाबल आणि नंदकोल दोन्ही एकदम दिसतात, समोर हरमुख, ५,१४२ मीटर. १८५६ मध्ये माँटगोमेरी नावाच्या मोजणी अधिकाऱ्यानं हरमुखच्याच अंगावरनं दूरच्या काराकोरमची दोन शिखरं टिपली आणि त्यांना के-१, के-२ असे क्रमांक दिले. के-२ हे नाव तिथूनच आलं.

काश्मिरी पंडितांना गंगाबल हरिद्वारइतकं पवित्र. पूर्वजांच्या अस्थी ते इथं आणतात, आणि भाद्रपद शुद्ध अष्टमीला इथली यात्रा असते. म्हणजे आपल्याकडं घरोघरी गौरी जेवायला बसलेल्या असतात साधारण त्याच सुमाराला. गटाला हे काठावर पोचायच्या आधी सांगा. मोठ्यानं गाणी, पाण्यात उड्या, हे तिथं नको. सरोवरांत ट्राउट मासे आहेत, पण परवान्याशिवाय गळ टाकायचा नाही.

इथं एक संध्याकाळ मोकळी ठेवा. वह्या काढा, प्रत्येकानं एक पान वाचून दाखवायचं. २०२२ ला त्या एसटीतल्या काकांनी सहा दिवसांत अठरा फुलं लिहिली होती. एकाचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या वर्णनावरनं मी बारा ओळखली.

उतार आणि परतीचा दिवस

गंगाबलहून पहाटे निघा. बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट, म्हणजे बोटं पुढं आपटत नाहीत. क्रम तोच, हळू माणूस दुसरा. या दिवशी सगळ्यांना घराची ओढ लागलेली असते, आणि गट सगळ्यांत जास्त इथंच फुटतो. दर तासाला थांबून डोकी मोजा. नारानागच्या वरच्या देवदारांत वाट घसरडी आहे, पाऊस झाला असेल तर दुप्पट वेळ धरा.

खाली आलात की लगेच गाडीत बसू नका. नारानागची दगडी मंदिरं जुनी आहेत, कल्हणाच्या राजतरंगिणीत या भूतेश क्षेत्राचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. तिथल्या झऱ्याच्या कुंडाशी बसा, घोडेवाल्यांचा हिशेब चुकता करा, कचऱ्याची पोती मोजून गाडीत चढवा, आणि श्रीनगरला न्या, नारानागलाच टाकू नका. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं घेऊ नका, एक दिवस मध्ये असू द्या, रस्ते बंद होतात.

रेंज आली की सगळे मोबाईलमध्ये डोकं घालतात. त्याआधी मी शेवटची डोकी मोजते, मोठ्यानं, एकेकाचं नाव घेऊन. २०२३ ला वहिनी पुन्हा बरोबर होती, शेवटचा माणूस म्हणून. चौदाव्या नावाला तिनं "आहे" म्हटलं आणि मग आम्ही फोन उघडले.